एक काना, एक ळ

२४ एप्रिल, गुरुवार

मंगळवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की रेवतीला गावाशेजारच्या नव्या टॉवरमधली, फ्लॅट दाखवायची नोकरी ओळखीने लागली. हे खरं नाही. तिची तिथे कोणाशीच ओळख नव्हती. मला माहीत आहे, कारण दिवाळीनंतर आम्ही दोघी एकाच रिक्षाने मुलाखतीला गेलो होतो आणि नंबर आधी माझा लागला होता.

त्या पानावर एक रेघ मारून वर बरोबर लिहिलं, बाजूला सही केली. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पद्धत. शाळेत घालण्याआधी दोन वर्षं त्यांनी मला घरीच शिकवलं, धरणावरच्या पाणी-नोंदीच्या जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. त्यांच्या नोकरीत खोडायला बंदी. चुकलेला आकडासुद्धा वाचता आला पाहिजे. आमच्या घरात खोडरबर कधी आलाच नाही.

मुलाखतीचंही खरं लिहून ठेवते. साहेबांनी विचारलं, "अठराव्या मजल्यावरून काय दिसेल?" मी म्हटलं, "अठरावा मजला अजून झाला नाही, सर." नववा चालू होता तेव्हा. मग रेवती आत गेली. दार अर्धं उघडं होतं. "पावसात ढग तुमच्या गॅलरीत चहाला येतील, सर," ती म्हणाली.

तिला नोकरीचा निळा कोट मिळाला. मला पाणी हवं का विचारलं.

२६ एप्रिल, शनिवार

दुकानात दिवसभर टॉवर. मी अर्ज टाइप करत असते आणि रांगेतले लोक बोलत असतात. एक रिक्षावाला म्हणाला, चोवीस तास भाडं मिळेल. एक बाई म्हणाल्या, आधी आमच्या नळाला पाणी द्या, मग वर चढवा. एकाने मोबाइलमधला फोटो दाखवला. टॉवरच्या टोकावर बोट ठेवल्यासारखा उभा आहे, सुट्टीला आलेले लोक काढतात तसा.

झेरॉक्सवाले मोरेभाऊ (दुकान त्यांचंच) मला म्हणाले, "तुमची बहीण म्हणजे आता मोठी असामी. काल फाट्यावर कोणी पत्ता विचारला तर पोरं सांगत होती, रेवतीच्या टॉवरच्या अलीकडे."

रेवतीचा टॉवर! मालक कुठला तरी पुण्याचा, गवंडी बाहेरचे, आणि टॉवर रेवतीचा.

चुलत बहीण आहे, सख्खी नाही. हे मी मोरेभाऊंना दोनदा सांगितलं. एकदा पुरलं असतं.

२७ एप्रिल, रविवार

रे. ने आम्हाला सॅम्पल फ्लॅट दाखवायला नेलं. दादा, मी, काकू (रे. ची आई). जमिनीवरच बांधलेला आहे, पत्र्याच्या शेडमध्ये, आत थंड. स्वयंपाकघरात लाकडाची फळं. खिडकीच्या मागे डोंगराचा भला मोठा छापील फोटो, त्याला मागून दिवा.

मी म्हटलं, "हे दृश्य खोटं आहे."

रे. हसली. "सगळ्यांना कळतं गं ते. म्हणून तर पडदा नीट लावलाय."

काकू पलंगावर बसून पाहत होती. "हितं पापड कुटं घालायचं?" तिने विचारलं. रे. म्हणाली, "आई, इथले लोक पापड विकत आणतात." दादासुद्धा हसले. माझ्या बोलण्यावर ते असे कधी हसले, आठवून पाहिलं. आठवलं नाही.

तिला ळ यायचा नाही लहानपणी. कमळाचं कमल, बाळाचा बाल. तिच्या वह्या मी तपासायचे आणि फार हसायचे. चौथीपर्यंत माझ्याकडे पाहून पाहून लिहायची. आता दारात उभी राहून लोकांना "या ना" म्हणते, आणि लोक येतात.

मला तो कोट नको आहे. मला तो शोभणारही नाही. मग काय हवं आहे?

२९ एप्रिल, मंगळवार

आमच्या वलवण गावच्या फाट्यावर नोटीस लागली आहे. अठराचे चोवीस मजले करायला परवानगी मागितली आहे, कोणाची हरकत असेल तर लेखी द्यावी, सुनावणी १९ मेला. संध्याकाळी देवळासमोर बैठक. अक्षर चांगलं म्हणून अर्ज लिहायला मला बसवलं. भिकूआबा पुढारी. "डोंगराकडं हात जोडायला गेलं की क्रेनला नमस्कार हुतोय," ते म्हणाले. मग लोक एकेक सांगत गेले. बोअरचं पाणी खाली गेलं, रस्त्यावर डंपर, धूळ.

काकूही आली होती, लेकीच्या नोकरीचं जरा विसरून. "आन हे बी लिव्ह गं. साडेपाचालाच सावली वाळवणावर पडती. कुरडया वल्ल्याच ऱ्हात्यात."

लिहिलं. आबांनी सगळा अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. सावलीच्या ओळीला टाळ्या पडल्या. काकू शेजारणीला म्हणाली, "ते मीच सांगितलंय." पहिला अंगठा तिचाच. नंतर सगळ्यांच्या सह्या. उद्या आबा नगरपरिषदेत देणार.

२ मे, शुक्रवार

अर्जाचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरतो आहे. सावलीच्या ओळीला लाल गोल. खाली कोणीतरी लिहिलंय: "अख्खं वलवण अंधारात!" आज एक बातमीवाला कॅमेरा घेऊन आला. आबा त्याला म्हणाले, "आमचं गाव सावलीखाली गेलं, सायेब. कोंबड्या पाचालाच खुराड्यात शिरत्यात."

मी गोल मोठा करून पाहिला.

"सायंकाळी साडेपाचपासून इमारतीची सावली वलवणावर पडते."

वाळवणावर नाही. वलवणावर. माझं अक्षर. एका बाईच्या कुरडयांवरची सावली मी सगळ्या गावावर पसरली. आबांनी वाचलं तेव्हा काकूला वाळवणावर ऐकू आलं आणि बाकीच्यांना वलवणावर. टाळ्या त्याच्याच होत्या.

जेवले नाही. आईने विचारलं, तर डोकं दुखतंय म्हटलं. (दुखत नव्हतं.)

लिहिताना काय झालं ते नीट आठवायचा प्रयत्न करते आहे. काकूचा शब्द ऐकला. पेन थांबलं. समोरच्या रस्त्यावरून रे. निळ्या कोटात घरी येत होती, दोन-तीन बायका तिला हात करत होत्या. मग लिहिलं. पेन थांबलं होतं एवढं नक्की. का थांबलं

४ मे, रविवार

मोजून आले. साडेपाच वाजता सावलीच्या कडेने चालत गेले. काकूची गच्ची, शेजारची तीन घरं, पुढे पडीक जागा. बस. आमच्या घराला शिवतसुद्धा नाही. देवळाला नाही, शाळेला नाही. पुन्हा सहा वाजता गेले, तेव्हा लांबली होती, पण तोवर सगळ्याच घरांच्या सावल्या लांबल्या होत्या. कोंबड्या बाहेर होत्या.

काकूने गच्चीवरून हाक मारली. "काय मोजतीस गं?"

"काही नाही, फिरते आहे."

"फिर, फिर. आमच्या रेवाला फिरायला बी टाइम न्हाई." तक्रार होती, पण तोंडावर काय आनंद!

७ मे, बुधवार

रे. आली. कोट न घालता. आई दळणाला गेली होती तेवढ्यात. उभ्या उभ्याच बोलली.

"साहेबांनी अर्ज दाखवला. म्हणाले, तुमचंच गाव ना, कोणी लिहिलं शोधा. तुझं अक्षर मी अंधारातही ओळखेन."

मी म्हटलं, "मग सांगितलंस?"

"म्हटलं, ओळखीचं नाही."

तिने मोबाइल काढला, तो फोटो, तो लाल गोल. "ही चूक माझी आहे. ळ चा ल मी करते. काना मी खाते. तुझ्या हातून कशी होईल?"

"घाईत झालं."

"तू घाईत?" ती हसली नाही. "सुनावणीपर्यंत गाव शांत झालं नाही तर माझ्या जागी तळेगावची मुलगी घेणार आहेत. तिच्या गावाची कटकट नाही म्हणून. बघ. मी काही सांगत नाही तुला."

जाताना चपला घालताना म्हणाली, "बाकीचं पाण्याचं, डंपरचं चांगलं लिहिलंयस. खरं आहे ते."

ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी तिच्या टॉवरबद्दल खोटं लिहिलं. आणि मला पहिला विचार काय आला, तोही लिहून ठेवते: हेसुद्धा हिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

९ मे, शुक्रवार

आबांकडे गेले. म्हटलं, आबा, अर्जात एक शब्द चुकलाय, दुरुस्तीचं पत्र देऊ या. त्यांनी चष्मा काढला.

"कुटला?"

सांगितलं. आधी ते पोट धरून हसले. "म्हंजी आमी कुरडयांसाठी टीव्हीवर गेलतो व्हय!" मग गंभीर झाले. "आता ऱ्हाऊ दे. येका शब्दापायी समदा अर्ज पडंल. पाणी खरं हाय का न्हाई?"

"खरं आहे."

"डंपर?"

"खरं आहे. म्हणूनच आबा. एक खोटं निघालं तर बाकीचंही..."

"कोन काढतंय? तूच." मग हळूच, "का बहिणीचा पुळका आला? लोक म्हनतील, टावरवाल्यांनी पोरगी फोडली."

बहिणीचा पुळका! मला हसू यावं की रडू, कळेना. आबांनी काकडी दिली मीठ लावून. खाल्ली.

१२ मे, सोमवार

आज दुकानासमोरून रे. साहेबांच्या गाडीतून गेली. काच खाली करून हात केला. मोरेभाऊ म्हणाले, "गाडी!" मी टायपिंगमध्ये तीन चुका केल्या. तिन्ही दुरुस्त केल्या.

तळेगावची मुलगी आली तर रे. पुन्हा माझ्यासारखी बिनकोटाची होईल. घरी. काकूच्या हाताखाली पापड लाटत. हे वाक्य सकाळपासून तीनदा मनात आलं आणि तिन्ही वेळा बरं वाटलं. बरं वाटलं, असंच लिहायला हवं.

१४ मे, बुधवार

साडेबाराला छत्री न घेता बाहेर गेले. सूर्य बरोबर डोक्यावर. माझी सावली पायाखाली, दिसतच नव्हती. फाट्यावरच्या खांबाला नाही, टॉवरलाही नाही. चौदा मजले आणि जमिनीवर काही नाही. मजूर जेवायला बसले होते, तेसुद्धा सावली शोधत भिंतीला चिकटले होते.

घरी दादा अंगणातल्या बाजेवर. त्यांना विचारलं, चुकलेला आकडा दुरुस्त केला की वहीत आणखी काय लिहायचं असायचं?

"श्येऱ्याचा रकाना. दुरुस्तीचं कारन."

"काय लिहायचे सगळे?"

"नजरचूक. समदे नजरचूकच लिवतात. सायेब बी काय इचारत न्हाई मग."

"तुम्ही?"

दादा तंबाखू मळत राहिले. "मी बी दोनदा लिवलं. येकदा ती नजरचूक नव्हती. पावसात खाली उतरलोच नव्हतो, घरात बसून आकडा टाकलेला." मग, "तुला कशापायी हवंय?"

सांगितलं. सगळं. कोटाचंही. त्यांनी आत जाऊन पाठकोऱ्या वहीतलं एक पान फाडून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

१५ मे, गुरुवार

पत्र तयार आहे. आबांना दाखवलं. सही करणार नाहीत, पण अडवणारही नाहीत. "जा बाई. तुझं तोंड, तुझी जबान." काकूला सांगितलं तर ती म्हणाली, "मी म्हनलंच व्हतं वाळवणावर!" आणि पुन्हा पहिला अंगठा द्यायला निघाली. रे. ला सांगितलेलं नाही. तिने आधी आभार मानले तर मला जमणार नाही.

पत्रात: "सावली 'वलवणावर' पडते याऐवजी 'वाळवणावर' पडते असे वाचावे. सावलीत चार घरे येतात. पाणी व रस्त्याबाबतच्या हरकती कायम." खाली माझं नाव, सही. त्याखाली मी रेघ आखून एक रकाना केला आहे, "दुरुस्तीचे कारण". अशा पत्राला तो लागत नाही. कोणी मागितलेला नाही.

रकाना कोरा आहे. चार दिवस आहेत. नजरचूक लिहिलं तर कोणी विचारणार नाही, रे. सोडून. दुसरं लिहिलं तर सगळ्यांसमोर वाचलं जाईल, आबा, मोरेभाऊ, साहेब, आणि दारात निळ्या कोटातली ती.

सोमवार, १९ मे, सकाळी अकरा. नगरपरिषदेचं सभागृह. शाईचं पेन नेणार आहे. रकाना तिथेच भरेन, उभी राहून, वाचायच्या आधी.