पहिल्या वापरकर्त्यांचं म्हणणं

५ मार्च

ती. ताई,

नमस्कार. तुम्हाला ‘वन्सं’ म्हटलं की तुम्ही चष्म्यावरून बघता, म्हणून ताईच म्हणते.

पाकीट बघून दचकलात का? काळजीचं काही नाही. फोन चालू आहे, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. सहज वाटलं, पत्र लिहावं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. अक्षराकडे दुर्लक्ष करा, पेन धरायची सवयच राहिली नाही.

गुडघा कसा आहे? दुकानात मदतीला मुलगी ठेवणार होतात, ठेवलीत का? की अजून स्वतःच स्टुलावर चढून वरच्या फ्रेमा काढताय? मी तिथे असते तर स्टूल लपवून ठेवलं असतं.

आता बातमी. तुमच्या भावाचं काम एकदाचं बाहेर पडलं! तुम्ही नेहमी विचारता की हा नक्की करतो काय, आणि तो ‘तुला नाही कळायचं’ म्हणून टाळतो. मी सांगते. तुम्ही गिऱ्हाइकाची हनुवटी त्या यंत्रावर टेकवून डोळ्याच्या आत बघता ना? तसंच, वेबसाइट बनवणाऱ्यांना आपलं पान आतून बघावं लागतं. कुठली ओळ चुकली, चित्र का आलं नाही, पान उघडायला वेळ का लागतोय. त्यासाठी आमची कंपनी जो ब्राउझर बनवते त्यातच एक कप्पा असतो, त्याला डेव्हलपर टूल्स म्हणतात. जुना कप्पा फार जुना झाला होता. तुमच्या भावानं आणि त्याच्या चमूनं तो मोडून नवा बांधला. तीन वर्षं दुसरं काही सुचत नव्हतं त्याला. दिसायला सुरेख झालाय, खरंच.

सगळ्यांना देण्याआधी तो काही हौशी लोकांना वापरायला दिलाय. हे आमचे पहिले वापरकर्ते. ते वापरून अभिप्राय लिहितात आणि ते अभिप्राय वाचणं हे माझं काम. वाचायचे, गठ्ठे लावायचे आणि आठवड्याच्या शेवटी आमच्या वरच्या मॅडमना सारांश द्यायचा. म्हणजे त्यानं स्वयंपाक करायचा आणि लोकांना कसा लागला ते मी सांगायचं. ऑफिसात सगळे थट्टा करतात.

लोक काय काय लिहितात म्हणून सांगू! एकानं लिहिलंय, ‘रंग छान आहेत, माझ्या बायकोलाही आवडले, पण ती वेबसाइट बनवत नाही.’ एकाला जुनंच हवंय, का ते सांगत नाही. बऱ्याच जणांची तक्रार मात्र एकच आहे. पूर्वी पानात चूक असली की कुठल्या ओळीत काय चुकलंय ते लिहून यायचं. आता कोपऱ्यात नुसता एक लाल ठिपका येतो. तुमच्या भावाचं म्हणणं, लिहिलेलं सगळं समोर आलं की पसारा होतो, हवं त्यानं आत जाऊन शोधावं. लोकांना ते आत सापडत नाही.

एक मास्तर आहेत. मीच त्यांना मास्तर म्हणते, नाव काही वेगळंच आहे. ते नोकरी गेलेल्या लोकांना वेबसाइट बनवायला शिकवतात. फार सभ्य लिहितात. त्यांच्या वर्गात एक बाई आहेत, वयानं मोठ्या, पहिल्यांदाच कॉम्प्युटरला हात लावलेल्या. त्यांच्या पानावर तो ठिपका आला. काय चुकलं ते कळेना. आपण यंत्रच बिघडवलं असं वाटून त्या घाबरल्या आणि वर्गाला यायच्या बंद झाल्या. मास्तरांनी खाली लिहिलंय, ‘कृपया काय चुकलं ते सांगा. एवढीच विनंती.’

आणि एका आगाऊ माणसानं लिहिलं, ‘हे ज्यानं बनवलं, त्याच्या घरी त्याला नाही म्हणणारं कुणी नाही का?’ ताई, मी घरी बसून वाचत होते, मला फस्सकन हसू आलं. तुमचा भाऊ म्हणाला, “काय झालं?” मी वाचून दाखवलं.

असो. तो सध्या जरा दमलाय. कामाचा ताण आहे.

उत्तर लिहिलंत तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. आमच्या इमारतीतली पत्रपेटी मोडली आहे.

बाकी सगळं ठीक.

तुमची,
धाकटी


२ एप्रिल

ती. ताई,

तुमचं पत्र मिळालं. गुडघ्याचं नाही, दुकानाचं नाही, हवापाण्याचं नाही. एकच ओळ: ‘तो बोलतो का तुझ्याशी?’

ते पत्र मी ऑफिसच्या स्वच्छतागृहात जाऊन वाचलं आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

पत्रपेटी मोडलेली नाही. माझा फोन आणि त्याचा कॉम्प्युटर जोडलेले आहेत, मला आलेला निरोप त्याच्याही पडद्यावर उमटतो. लग्नानंतर सोयीसाठी आम्हीच जोडले होते. आणि मी फोनवर बोलायला लागले की शेजारच्या खोलीतला कीबोर्ड थांबतो. तो म्हणतो, मी ऐकत नाही. ऐकत नसेलही. पण कीबोर्ड थांबतो.

तर, नाही. बोलत नव्हता. मी हसले त्या दिवसापासून.

चारचौघांत बोलायचा. ऑफिसात तर फारच नीट, “हिला विचारा, हिच्याकडे सगळे अभिप्राय असतात,” असं माझ्याकडे हात करून. घरी आलो की बंद. टेबलावर मीठ माझ्या बाजूला असलं तर मागायचा नाही, उठून वळसा घालून घ्यायचा. मी विचारायची, “काय चुकलं माझं? सांग तरी.” तो माझ्या पलीकडे खिडकीत बघायचा. आधी मी रागावले, मग रडले, मग माफी मागितली. कशाची मागतेय ते मला माहीत नव्हतं. हसण्याची असावी.

तुम्ही मागे एकदा सांगितलं होतंत, तुमचे बाबा असेच गप्प व्हायचे आणि आईंना जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून आजचा दिवस कसा जाणार ते कळायचं. तुमचा भाऊ तेव्हा म्हणाला होता, “मी मरेन पण तसा वागणार नाही.” तो खोटं बोलत नव्हता, ताई. त्याला आपण तसे वागतोय हे दिसतच नाही.

दुसऱ्या आठवड्यात तो बोलला. मी सारांश लिहायला बसले होते. मागे येऊन उभा राहिला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवले आणि म्हणाला, “दाखव.”

मी दाखवला. त्यानं वाचला. म्हणाला, “तू घरची आहेस की त्यांची?”

एवढंच. मी त्याच्या देखत वाक्यं बदलली. ‘बहुतेकांना चूक शोधता येत नाही’ याचं ‘काहींना नव्या मांडणीची सवय व्हायला थोडा वेळ लागेल’ असं केलं. मास्तरांचा मजकूर काढून टाकला. त्याबरोबर त्या बाईही गेल्या. त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं आणि विचारलं, “अंडी करू का?”

आणि मला इतकं बरं वाटलं ताई, की मी दोन अंडी जास्त खाल्ली.

पुढच्या आठवड्यातही तसंच. त्याच्या पुढच्याही. मॅडम खूश, तो खूश. मास्तर मात्र लिहीत राहिले. शेवटी त्यांनी सरळ मॅडमनाच गाठलं आणि मॅडमनी त्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. त्या, तुमचा भाऊ आणि मी एका बाजूला, पडद्यावर मास्तर. साधा शर्ट, मागे रिकामी बाकं.

मास्तर म्हणाले, “मी तीनदा लिहिलं. पोचलं नाही का?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. “पोचलं होतं?”

तुमचा भाऊ टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत होता, लावत होता.

मी म्हणाले, “पोचलं होतं. मी सारांशात घेतलं नाही. माझी चूक.”

“का?” मॅडम म्हणाल्या.

“मला महत्त्वाचं वाटलं नाही.”

मास्तरांचा चेहरा मी विसरू शकत नाही. रागावले असते तर परवडलं असतं. ते म्हणाले, “बरं. आता तरी घ्या.”

नव्या टूल्सची तारीख पुढे गेली. ठिपका जाणार, ओळी परत येणार. तुमच्या भावानं ते निमूट मान्य केलं, मॅडमसमोर मोठेपणानं म्हणालाही, “वापरकर्ते सांगतील ते खरं.” माझं काम माझ्याकडून काढून घेतलं. ते रास्तच होतं.

त्या दिवशी घरी येताना त्यानं माझ्यासाठी टेबलावरचा दिवा आणला. निळा, मान वळणारा. माझ्या बाजूला लावला, स्वतः वायर चिकटवली. खूप बोलला. लग्नाआधी बोलायचा तसा. मी हसवलं तर हसला. मधेच म्हणाला, “तू मला वाचवलंस आज.” मी त्या दिव्याखाली बसून विचार करत होते की मी एका भल्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलले आणि आज मी सुखी आहे. मला माझीच भीती वाटली.

मग तो म्हणाला, “मी बोललोय मॅडमशी. त्या तुला काढणारच होत्या. मी म्हटलं, माझ्या चमूत द्या, मी बघतो तिच्याकडे.”

त्याच्या शेजारची खुर्ची, ताई. घरीही आणि तिथेही.

मी दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. म्हटलं, मला तिथे नको. त्यांनी कारण विचारलं. मी दार लावलं आणि सांगितलं की सारांश घरी बदलले जात होते. त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, “हे तू मला सांगितलं नाहीस आणि मी ऐकलं नाही. नाहीतर मला त्याला काढावं लागेल, आणि तो गेला तर हे काम कोण पुरं करणार? दुसरी जागा नाही माझ्याकडे. त्याच्या चमूत जा, नाहीतर राजीनामा दे.”

राजीनामा देऊन जाऊ कुठे? घर कंपनीचं, त्याच्या नावावरचं. माहेरी आईला फोनवर आडून आडून सांगून बघितलं. ती म्हणाली, “मारतो का?” नाही. “पितो का?” नाही. “ओरडतो?” नाही, आई, तो काहीच करत नाही. “मग झालं तर. पुरुष माणूस आहे, दमून येतो.” मी सांगू तरी काय? नवरा मीठ मागत नाही, हे सांगू?

मॅडमनी ऐकलं नसलं तरी मी ‘नको’ म्हणाले हे त्याच्या कानावर गेलं. तो पुन्हा बंद झाला. या वेळी मी काही विचारलं नाही. शनिवारी धुवायचे कपडे घेऊन निघाल्यासारखी पिशवी भरली. त्यात माझे चार कपडे आणि कागदपत्रं होती. एसटी स्टँडवर गेले, तुमच्या गावचं तिकीट काढलं. गाडी लागलेली होती. ड्रायव्हर खाली उभा राहून कंडक्टरशी गप्पा मारत होता. मी पायरीवर पाय ठेवला आणि फोन वाजला.

“कुठे आहेस? दोन कप टाकलाय चहा.”

फक्त एवढंच. मऊ आवाजात. मी धावत परत आले, ताई. अक्षरशः धावत, पिशवी छातीशी धरून, लोक बघत होते. चहा निवायच्या आत पोचले. तो म्हणाला, “धाप का लागली?” मी म्हणाले, “जिना चढले.” मग त्यानं विचारलं, सोमवारपासून येतेस ना माझ्याकडे? मी हो म्हणाले.

सोमवार झाला, मंगळवार झाला, आज बुधवार. मी त्याच्या शेजारी बसते. काम शिकवतो, समजावून सांगतो, चिडत नाही. मी कागद काढला तर बघेल, म्हणून हे पत्र तीन जेवणाच्या सुट्ट्यांमध्ये, गाडीतळाजवळच्या जिन्यात बसून लिहिलंय.

तुमचा तो भाऊ आहे. आई गेल्यावर तुम्ही त्याला वाढवलंत, हे मला ठाऊक आहे. हे वाचून तुम्हाला त्याच्यावर माया येईल, मला येते तशीच. तो वाईट आहे असं मला म्हणायचं नाही आणि तुमच्या तोंडून ऐकायचंही नाही. त्याला समजवा असंही म्हणत नाही. माझ्यापुरतं सांगते: दार उघडं आहे, पिशवी भरलेली आहे, रस्ता माहीत आहे, आणि मला एकटीला निघता येत नाही.

मुलीला न्यायला माहेरचं माणूस येतं. माझ्या माहेरचं कुणी येणार नाही. ताई, तुम्ही मला न्यायला या. गुडघा दुखत असेल तरी या. जिन्यापाशी उभ्या राहून नुसती हाक मारा, वर येऊ नका, बसू नका, चहा घेऊ नका.

आणि येताय हे त्याला आधी कळवू नका. तो गोड बोलेल, आणि मी थांबेन.

वाट बघतेय.

तुमची,
धाकटी