हॉर्न दिला होता

अंधेरी, ५ नोव्हेंबर १९५६

ती. भाऊस,
वसुधाचा शि. सा. न. वि. वि.

नंदूला लायसन मिळालं. मे महिन्यात तू नाशकाला तुझ्या जीपवर त्याला शिकवलंस, ते कामी आलं म्हणायचं. अठरा पुरी होऊन महिना नाही झाला आणि स्वारी ह्यांना व्हिजिटला पोचवते!

पण भाऊ, माझा जीव थाऱ्यावर नाही. वर्सोवा रोडला माणसं, बैल, कोळणींच्या पाट्या सगळं एकत्र चालतं, आणि हा हॉर्नवर हात ठेवून मधून भरधाव काढतो. ह्यांच्या दवाखान्यातली नर्स ल्युसी परवा त्याच्या गाडीतून उतरली ती पांढरीफटक. तिचे वडील रोझारिओ रोज भाजीची पाटी घेऊन त्याच रस्त्याने चालत येतात. कानांनी ठार बहिरे. ह्यांनीच तपासून हात टेकले. नंदूला ओरडले तर म्हणतो, मामांनीच असं शिकवलंय. खरं का रे? त्याला दोन शब्द समजुतीचे लिही. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल.

वहिनींना नमस्कार. आहे तशी माया राहू दे.
तुझी वसुधा


नाशिक, ९ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. वसुधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू लहानपणी टांग्यातही डोळे मिटून बसायचीस, तुला सगळंच भरधाव. होय, मीच शिकवलं. खात्याच्या गाड्या वीस वर्षं चालवतोय. घडीघडी ब्रेक दाबणाऱ्याच्या हाती गाडी कधी बसत नाही. हॉर्न दिला की माणूस सरकतो, आपलं काम झालं. पोराच्या मनात उगाच भीती घालू नकोस.

डॉक्टरांना नमस्कार. भावावरचा राग फार दिवस ठेवू नये.
तुझा भाऊ


अंधेरी, २६ नोव्हेंबर १९५६

ती. भाऊस,
शि. सा. न.

कसं लिहू कळत नाही. गुरुवारी सकाळी ल्युसीचे वडील नंदूच्या गाडीखाली गेले. जागच्या जागी. पाठमोरे चालले होते, त्याने ओळखलंसुद्धा नाही. पाटीतली वांगी रस्ताभर पसरली होती म्हणे.

जामिनावर घरी आणलाय. जेवत नाही. मी हॉर्न दिला होता, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणतो. वकील म्हणतात, हेच आपलं बळ. माणूस बहिरा, मुलाने हॉर्न दिलेला, मग मुलाचा दोष काय? तू फक्त कोर्टात येऊन सांगायचंस, की ब्रेक वेळेवर लावायची सवय तू त्याला लावली होतीस. नाहीतर माझं पोर तुरुंगात जाईल रे.

ल्युसीकडे जाऊन आले. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी तुला आधी काय लिहिलं होतं ते आता काढत नाही. तू ये.
वसुधा


नाशिक, ३० नोव्हेंबर १९५६

चि. सौ. वसुधास,
आशीर्वाद.

तू काढत नाहीस, पण तुझं ते पत्र माझ्यासमोरच पडलंय. मी येतो. मात्र वकिलांना हवं ते माझ्या तोंडून निघणार नाही. नंदूचा पाय ब्रेककडे गेला की मी त्याच्या गुडघ्यावर चापट मारायचो. पोराला उपजत अक्कल होती, ती मी मोडली. विचारलं तर हेच सांगेन. त्याने नंदूचं नुकसान होईल हे मला कळतं, आणि तुला तोंड दाखवायची लाज वाटते.

घरात घेणार नसलीस तर धर्मशाळेत उतरेन.
भाऊ


अंधेरी, १२ जानेवारी १९५७

ती. मामांस,
नंदूचा सा. न. वि. वि.

तुमच्या साक्षीची तारीख लागायच्या आधीच मी गुन्हा कबूल केला. वकील चिडले. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तुम्हालाही लिहिलं नसेल. सोमवारपासून चार महिने आत जायचंय.

तुम्ही सगळा दोष स्वतःवर घेता, म्हणून खरं सांगतो. तो माणूस मला खूप लांबून दिसत होता. थांबायला भरपूर वेळ होता. मी हॉर्न दाबून धरला, आणि तो सरकत नाही म्हणून मला राग आला. मामा, मला त्यांचा राग आला होता. तुमची चापट तेव्हा नव्हती. पाय माझा होता.

निकालाच्या दिवशी ल्युसीताई बाहेर उभी होती. तिने एवढंच विचारलं, की बाबांना शेवटी काही कळलं का.

मामींनी लिहिलंय, शेजारचे दोघे मुलगे तुमच्याकडे गाडी शिकायला येणार आहेत आणि तुम्ही नाही म्हणताय. नाही म्हणू नका. ते दुसऱ्या कुणाकडे तरी शिकतीलच, आणि तोही तेच शिकवील. फक्त बसायच्या आधी जीपच्या हॉर्नची वायर सोडवून ठेवा. पहिले तीन महिने त्यांना तशीच चालवू द्या. पुढे चालणारं कुणीच आपलं ऐकणार नाही, हे त्यांच्या पायाला कळू दे.

आईला अधूनमधून लिहीत जा. ती उत्तर देणार नाही, पण पत्र वाचेल. माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर उरलेला तिला द्या.
तुमचा नंदू