थांबण्यातला धोका

मी, काचेच्या दुकानाची मालकीण, उद्या सकाळी हृदयाच्या शस्त्रक्रियेला सामोरी जाणार आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. संतापलेली आहे, पण संताप म्हणजे वेड नव्हे. हे मृत्युपत्र मी आपखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते आहे.

दुकान, वरच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या मुलीला मिळावी. काच कापायचा हिऱ्याचा कलमही तिलाच. जावयाने त्या कलमाने डबे उघडू नयेत.

थोरल्या दिरांना या मिळकतीतलं काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवते, नाहीतर मागाहून म्हणतील, "हिचे कोणीतरी कान भरले."

यजमानांच्या हृदयाची झडप बिघडली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "शस्त्रक्रियेनंतर दहातले नऊ जण बरे होतात. नाही केली, तर दोन वर्षांत निम्मे जातात." दिरांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. "म्हणजे दहातला एक मरतो. भावाला मी जुगारावर लावणार नाही."

मी म्हणाले, "भाऊजी, थांबणं हासुद्धा जुगारच आहे."

"चालताबोलता माणूस आहे. उगाच कापाकापी कशाला?"

थोरल्या भावापुढे यजमान कधी बोललेच नाहीत. थांबलो. वर्ष सरायच्या आत ते दुकानातच, काच उचलताना कोसळले. अंत्यविधीला दीर येईल त्याला सांगत होते, "निदान ऑपरेशनच्या टेबलावर तरी गेला नाही." जणू दुकानाच्या फरशीवर मरणं स्वस्तात पडलं.

आता तेच दुखणं मला आहे. काल दीर खाटेशी येऊन बसले. "या वयात धोका कशाला पत्करायचा?" हेच गृहस्थ डोळ्यात मोतीबिंदू घेऊन भर गर्दीत स्कूटर दामटतात, का, तर रस्ता रोजचा आहे.

मी म्हणाले, "या खेपेला डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी पुरतं ऐकलंय. उठा."

त्यांना यजमानांचा फोटो हवा होता, तो तेवढा द्यावा. रोज बघू देत.

मी उद्या परतले नाही, तर "मी सांगितलं होतं" हे वाक्य माझ्या घरात कोणी उच्चारू नये. दिरांनी उच्चारलं, तर मुलीने त्यांना दार दाखवावं. माझा निर्णय बरोबर की चूक, हे मी जगले की मेले यावरून ठरवू नका. मला भीती वाटते आहे, आणि तरीही मी जाणार आहे.

सही: काचवाली

साक्षीदार: दुकानाशेजारची शिंपीणबाई; कोपऱ्यावरचे औषधवाले काका
शुद्धीबद्दल खात्री देणार: डॉक्टरीणबाई
ठिकाण: रुग्णालय, खिडकीजवळची खाट
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, दुपारी