यंत्र विचारतं, कुठे जायचं

१४ नोव्हेंबर २०११, गोंदिया

ह्यांनी आज गाडीसाठी रस्ता सांगणारं यंत्र घेतलंच. आधी महागडं दाखवलं, ते आम्हा दोघांनाही कळेना. दुकानदार म्हणाला, "अंकल, ये सस्तावाला ले लो, एकदम आसान है. बस, कहाँ जाना है वो बताओ."

सुरू केलं की पडद्यावर तेच येतं. कहाँ जाना है? बघूनच कसंतरी झालं. बाहेर निघालेल्या माणसाला कुठे चाललात म्हणून आमच्याकडे कोणी टोकत नाही. लग्न झाल्यापासून मी ह्यांना कधी विचारलं नाही. आता हे मेलं रोज टोकणार.

आणि जन्मभर देवरीच्या रस्त्यावर गाडी चालवलेल्या माणसाला हे हवंच कायले? दुकानात ओठांवर आलं होतं. गिळलं.

संध्याकाळी ह्यांच्या बहिणीकडे कामठ्याला निघालो. बेत ह्यांचाच, सकाळपासूनचा. गाडीत बसून यंत्र लावलं. कहाँ जाना है? ह्यांचं बोट पडद्यापाशी जाऊन थांबलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "काऊन वो, कुठे जाऊन राहिलो आपण?"

थट्टा असेल. हसतील म्हणून मी वाट पाहिली.

हसले नाहीत.