देवीचे व्रण

ता. ९ जानेवारी १९३८, बेळगाव
हे जाऊन सात महिने झाले. स्टुडिओ आता भावजी बघतात. माझं काम तेच, मागच्या खोलीत. फोटोच्या काचेवर, म्हणजे निगेटिव्हवर, बारीक पेन्सिल फिरवून लोकांच्या सुरकुत्या, डाग घालवायचे. आज तीन काचा केल्या. जेवले. आणखी काही नाही.

ता. १३
सासूबाई म्हणाल्या, "एकदा मोकळी रड गं." रडू येत नाही. येत नाही म्हणून वाईटही वाटत नाही. संकेश्वरच्या नवरानवरीची काच केली. नवरीच्या डोळ्यांखालचं काळं काढलं.

ता. १९
भावजींनी मुंबईचं इंग्रजी साप्ताहिक आणलं. त्यात फोटोंच्या स्पर्धेचा निकाल. पहिलं बक्षीस एका म्हातारीच्या फोटोला. नुसता चेहरा, बाजूनं उजेड. एकूण एक सुरकुती जिथल्या तिथं. माझ्या हाताखाली आली असती तर तासाभरात सगळ्या घालवल्या असत्या.
तीनदा पाहिला. चहा गार झाला.

ता. २०
पुन्हा तेच पान. इतकी वर्षं मी काय...

ता. २५
ह्यांचा जुना कॅमेरा मागितला. वापरायला ह्यांनीच शिकवलं होतं. भावजी म्हणाले, "वैनी, लोक काय म्हणतील?" मग थोड्या वेळानं, "पुढल्या स्पर्धेची जाहिरात हाय त्यात. मार्चअखेर पाठवायचा." आणि स्वतःच कॅमेरा पुसून दिला.

ता. ३ फेब्रु.
सासूबाईंबरोबर वडगावला. त्यांच्या ओळखीची अंबाक्का, साड्या विणते. तिशीची असेल. तोंडभर देवीचे व्रण. माग खिडकीपाशी. तुटलेला धागा जोडायला वाकली, तेवढ्यात फोटो घेतला.
निघताना म्हणाली, "बाई, त्येवढं व्रण काढा हं. तुमी काढता म्हनं."
हो म्हणून आले.

ता. ५
काच धुतली, कागदावर फोटो उतरवला. व्रणाव्रणात उजेड साचलाय. असा फोटो आमच्या स्टुडिओत कधी निघाला नाही. भावजींनी तो खिडकीशी नेऊन पाहिला. मग म्हणाले, "वैनी, ह्याला हात लावू नका. असाच पाठवू या."
पण मी तिला हो म्हटलंय.

ता. ८
पेन्सिलीला टोक केलं. काच पुढ्यात घेऊन बसले. तशीच उठले.

ता. १७
वडगाव. फोटो होता तसाच तिच्या हातात दिला. स्पर्धेचं खरं ते सांगितलं. उभ्यानंच बघत राहिली.
"ह्येच्यापायी दाल्ल्यानं टाकलं मला. आन् तुमी ह्ये मुंबईला दावनार व्हय?"
म्हटलं, "मला तू सुंदर दिसलीस गं." तोंडातून कसं निघालं कळलं नाही. आठ महिन्यांत मला काही दिसलंच नव्हतं.
"खोटं बोलू नगासा," म्हणाली. फोटो मात्र परत दिला नाही. "शनवारी बाजाराला येते. तवा सांगते."

ता. १९
शनिवार. आली नाही.

ता. २६
आजही नाही. सासूबाई दुपारी वडगावाहून आल्या. अंबाक्कानं फोटो भिंतीला लावलाय म्हणे. दारातून आत येणाऱ्याला समोरच दिसतो.
"मग पाठवू का, विचारलंत?"
"इच्यारलं की. नुसती हसली."
कशी हसली, ते मी दोनदा विचारलं. त्यांना सांगता येईना.
उद्या मीच जाते.