आजोबांसाठी मागणं

गुडगाव, नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप बाबांना सुनीतीचा नमस्कार.

मयुराचं नाव मी मिशनच्या शाळेतून काढणार नाही. तुमचा मुलगा फोनवर ‘बघतो’ म्हणाला, पण यात बघण्यासारखं काही नाही.

दिवाळीत जेवायला बसताना तिने डोळे मिटून, बोटं गुंफून येशूचे आभार मानले आणि तुम्ही भरल्या पानावरून उठलात. तिच्या शाळेत रोज सकाळी प्रार्थनेला एक मूल कुणासाठी तरी मागणं मागतं आणि सगळी मुलं ‘आमेन’ म्हणतात. कुणी आजारी नानीसाठी, कुणी हरवलेल्या मांजरासाठी. सुट्टीनंतर मयुराची पाळी आली. तिला सोडायला गेलेली मी फाटकापाशीच थांबले होते. ती माइकवर म्हणाली, “मेरे आजोबा का गुस्सा चला जाए और वो पेट भरके खाना खाएँ.”

अख्खी शाळा तुमच्यासाठी आमेन म्हणाली, बाबा.

सोमवारी तुम्ही प्रिन्सिपॉल सिस्टरांना जाब विचारायला येताय. अवश्य या. मी तुम्हाला मुद्दाम प्रार्थनेच्या वेळीच नेणार आहे; ते तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकावं, म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. मागणं पुरं झालं असं मूल सांगेपर्यंत तिथे ते रोज म्हणतात.

तुमचं अजून चालू आहे.

तुमची सून,
सुनीती