कोळशाची रेघ

आबा, सांगते आहे मी आणि लिहितो आहे माझा नातू. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा त्याचा बाप अर्ध्या चड्डीत होता. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, शाळेत तुम्ही घातलंच नाहीत. वाचता तुम्हालाही येत नव्हतं, तेव्हा या पत्राचा तसा दोघांनाही उपयोग नाही. पण हा गडी गेले आठ महिने रोज संध्याकाळी माझ्यासमोर तोंड उघडून उभा राहतो आणि मी वास घेते, तुमचा घ्यायचे तसाच. काल विचारलं त्यानं, आजी, ही विद्या तू शिकलीस कुठं? म्हटलं, बस, कागद घे. ज्याच्या तोंडावर शिकले त्यालाच सांगते, तू मधे बोलू नकोस.

त्याचं असं झालं. महाळुंग्याला कंपनीत आहे, शिफ्ट असते. प्यायचा. किती, ते लिहिताना हात आखडतोय त्याचा, बघा. लिही, लिही. बायको माहेरी जाऊन बसली तेव्हा डोळे उघडले. आता त्याच्यासारखीच दहा-बारा माणसं एका शाळेच्या खोलीत जमतात. एकेकानं उठून आपलं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. रविवारी सगळे मिळून सायकली दामटत कुठल्यातरी डोंगरावर जातात आणि घामाघूम होऊन येतात. दारू सोडली म्हणतो. ‘आजी, आता मला तिचं नावसुद्धा नको वाटतं,’ असंही म्हणतो, आणि तेच मला खटकतं. नाव नको, तर आठवड्यातून चार दिवस तिच्याबद्दल बोलायला कशाला जातोस? नातसून मला फोनवर म्हणाली, ‘आजी, यांच्यावर माझा भरवसा नाही. तुम्ही म्हणाल त्या दिवशी येते.’ म्हणजे याचा संसार सध्या माझ्या नाकाला टांगलेला आहे. आणि माझं नाक, आबा, कुणावर भरवसा ठेवत नाही. ती खोड तुमच्यापासूनची.

पिंपळे गुरव तेव्हा नदीकाठचं लहानसं गाव. सरकारची दारूबंदी होती, म्हणजे दारू मिळायची, पण लपून. नदीच्या अंगाला बाभळीत एका म्हातारीची भट्टी होती. तुम्ही खडकीच्या कारखान्यातून हमाली करून चालत घरी यायचात आणि मला धाडायचात. डोक्यावर गोवऱ्यांची पाटी, गोवऱ्यांखाली बाटली. शाळेची वाट मला कधी कळली नाही, भट्टीची मात्र डोळे मिटून सांगितली असती. तुम्ही मारझोड करणाऱ्यातले नव्हता, ते कबूल. तुम्ही नुसते नाहीसे व्हायचात. ओसरीवर बसलेले दिसायचात आणि नसायचात. आई तुमच्यापुढं ताट ठेवायची ते सकाळी तसंच उचलायची.

मग सगळं गाव ज्यांना पेन्शनर मामा म्हणायचं, ते पलटणीतून परत आले. गावात त्यांच्याइतकी कुणी प्यायली नसेल, आणि तेच म्हणायला लागले की सोडायची. मारुतीच्या मागची जुनी तालीम कुलूप लावून पडली होती, ती त्यांनी उघडली. आपल्या ओसरीवर बसून तुम्हाला काय म्हणाले ते मला अजून ऐकू येतं. ‘गड्या, सांज झाली की हात वळवळतोय का न्हाई? मग त्या हाताला कुदळ द्यायची. पिणारा एकटा सुटत न्हाई. आमी पाच हाय, तू सहावा.’ तुम्ही चाळिशीचे, पोट सुटलेलं, आणि दुसऱ्या दिवशी लंगोट घेऊन निघालात. आईनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत, ते तिलाच ठाऊक.

तालमीत बायामुलींना मज्जाव, म्हणून मी भिंतीच्या भोकाला डोळा लावायचे. सहा बापये एका रांगेत उभे. पहिला दुसऱ्याच्या तोंडावर हाः करतो, दुसरा तिसऱ्याच्या, असं शेवटपर्यंत. मग कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती खणायची, तिच्यात ताक, तेल, हळद घालायची, तुडवायची, जोर-बैठका मारायच्या आणि शेवटी सगळ्यांनी नदीवर अंघोळ. कुणाच्या तोंडाला वास आला, तर त्याला हाकलत नव्हते. त्यानं हौद्याच्या कडेला मांडी घालून बसायचं आणि त्याच्या वाटची माती बाकीच्या पाचांनी खणायची. त्यानं हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. एक दाणगट गडी तसा बसलेला मी पाहिला होता. ‘मामा, कुदळ द्या की राव, बसवत न्हाई,’ म्हणत होता. मामा म्हणाले, ‘बसवत न्हाई म्हणून तर बसवलाय.’

आईला यातलं काही पटत नव्हतं. ‘एवढं ताक जातंय कुठं?’ ती मला विचारायची. ‘ताक पिऊन माणसं हसत घरी येत न्हाईत.’ तिचं नाक तपकिरीनं गेलेलं, म्हणून वासाचं काम माझ्याकडं आलं. तुम्ही दारात आलात की ती म्हणायची, ‘पोरी, घे गं.’ तुम्ही मुकाट खाली वाकायचात, हाः करायचात. ‘काय येतंय?’ ‘तेलाचा येतोय.’ ‘तेलानं झाकला आसंल.’ दिवाळीपासून यात्रा जवळ येईपर्यंत हे चाललं. एकदा मी ताकाच्या चरवीत बोट घालून चाटलंसुद्धा. ताकच होतं. पण माणसं चांगलं ताक मातीत ओततात, ती शुद्धीवर असतील, हे मला काही केल्या खरं वाटेना.

मामांनी एक गोष्ट ठरवली होती. यात्रेच्या कुस्त्यांआधी आखाड्यात नारळ फोडतात, त्या वर्षी तो फोडायचा मान सहांपैकी ज्याचा एकही खाडा नाही, जो एकदाही कडेला बसला नाही, त्याचा. दोघंच उरले होते, त्यात तुम्ही एक. गावात तुम्हाला कुणी मान म्हणून कधी काही दिलं नव्हतं. तुम्ही नवीन पटका आणलात आणि खुंटीला टांगून ठेवलात. येता-जाता त्याच्याकडं बघायचात. आणि मला वाटायला लागलं, हा माणूस फसवतोय. एवढं सरळ कुणी चालत नाही.

यात्रा चार दिवसांवर आली. दुपार कलली तशी मी म्हातारीला पाटीभर गोवऱ्या दिल्या आणि बाटली आणली. तिला वाटलं, नेहमीसारखी तुमच्यासाठीच. तुमचा लंगोट आणि तेलाची वाटी असायची त्या कोनाड्यात बाटली ठेवायची आणि बघायचं, असं मी योजलं होतं. चुलीतला कोळसा घेऊन दारू जिथपर्यंत होती तिथं बाहेरून रेघ मारली. तुम्ही प्यालात की रेघेखाली जाईल, एवढं शहाणपण शाळेवाचूनही होतं मला. पण ठेवता ठेवता मनात आलं, असतं तरी काय हिच्यात? बोळा काढला आणि एक घोट घेतला. रेघ आधी मारून बसले होते, हे ध्यानातच नाही.

बोळा लावतेय तोच आई तेल घ्यायला आत आली, आणि तिच्या मागोमाग कामावरून आलेले तुम्ही. आईच्या हातात बाटली. उजेडाला धरून बघते आहे. ‘ही रेघ कसली?’ म्हणाली. मग तिचं तिलाच उलगडलं. ‘रोजचं माप धरलंय व्हय? रेघ मारून पितायसा, आन आमाला तालीम सांगतायसा?’ तुम्ही बाटलीकडं बघितलं, रेघेकडं, मग माझ्या हाताकडं. बोटं काळी होती. आई म्हणाली, ‘पोरी, घे वास.’

मी पुढं झाले. तुम्ही वाकलात. तुमचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं, आणि आबा, त्या दिवशी वास मी घेतला नाही, तुम्ही घेतलात. मी श्वास कोंडून धरला होता, पण कोंडून किती वेळ धरणार? तुमच्या नाकपुड्या हलल्या. मी म्हटलं, ‘न्हाई येत वास.’ आई म्हणाली, ‘बापाची बाजू घेतीया.’ तुम्ही सावकाश उभे राहिलात. म्हणालात, ‘पोरीला कळला नसंल. सकाळची हाय. मीच घेतली.’

मी भिंतीच्या भोकाशी गेले. रांगेत तुम्ही हाः केलंच नाहीत. सरळ जाऊन हौद्याच्या कडेला मांडी घालून बसलात. पेन्शनर मामांनी एकदा बघितलं, आणि पाच जण तुमच्या वाटची माती खणायला लागले. तुमचे हात मांडीवर पडलेले मला दिसतात. मी दिवेलागणीपर्यंत तिथं उभी होते. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मज्जाव होता म्हणून गेले नाही, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. मज्जाव तर होताच, पण दार उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला कांद्याच्या वाफ्यावर घेऊन गेलात. रोज कारखान्याआधी आपण दोघं मिळून खुरपायचो, त्या दिवशी तुम्ही कामावर गेलाच नाहीत. मी खुरपं उचललं, तर तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत. ‘तू बस,’ म्हणालात. मला बांधावर बसवलंत आणि माझ्या वाटचे वाफे एकट्यानं खुरपलेत. ऊन चढलं. मी म्हटलं, ‘आबा, द्या की.’ ‘बस.’ एवढंच. दाणगट गडी का गयावया करत होता, ते मला तेव्हा कळलं. मार परवडला असता.

यात्रेत नारळ दुसऱ्यानं फोडला. तुम्ही जुनाच पटका बांधून गर्दीत उभे होता. आई कितीतरी दिवस ताट वाढायची, बोलायची नाही. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रांगेत उभे राहिलात, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलात. आई जाईपर्यंत म्हणायची, ‘माणूस चांगला, पण यात्रेच्या तोंडावर घसरला.’ मी तिच्या उशाशी बसून ऐकायचे आणि तिचे पाय चेपायचे. सांगायला तोंड होतं, पण ते उघडलं नाही.

आता उरलंय ते सांगते. तो घोट मला आवडला होता, आबा. घसा जळला, डोळ्यांत पाणी आलं, ते खरं. पण मग पोटात ऊब पसरली आणि आईचा आवाज, चूल, भांडी, सगळं जरासं लांब गेलं. बारा वर्षांची होते, तरी तेवढ्यात मला कळलं की असली चीज कुणी आपणहून सोडायचं नाही. म्हणून, तुम्ही त्यानंतर मरेपर्यंत कोरडे राहिलात तरी, मरेपर्यंत मी तुमचा वास घेत राहिले. माहेरी आले की पाया पडायला वाकायच्या आधी नाक पुढं. तुम्ही कधी रागावला नाहीत. वाकायचात आणि हाः करायचात. लोकांना वाटायचं, बाप-लेकीची काहीतरी गंमत आहे.

इथं नातवाचा हात थांबला. ‘आवडला होता, हे लिहू?’ म्हणाला. म्हटलं, लिही. त्यानं लिहिलं, आणि मान वर न करता म्हणाला, ‘आजी, मला पण अजून आवडते. रोज संध्याकाळी. म्हणून तर जातो तिकडं.’

आठ महिन्यांत त्याचं हे पहिलं बोलणं, ज्याच्यात मला खोट काढता आली नाही. मग सवयीनं त्यानं तोंड पुढं केलं. म्हटलं, राहू दे. चहा टाकायला उठत होता, तेव्हा त्याला म्हटलं, तू बस. चहा मी टाकते. आणि तो झाला की तुझ्या बायकोला फोन लावून माझ्या हातात दे.

हे पत्र कुठं धाडायचं, विचारतोय. कुठं धाडणार? तालमीच्या जागी इमारत उभी आहे, आणि बांध होता तिथं गाड्या लागतात. ठेव म्हटलं घडी करून माझ्या तपकिरीच्या डबीखाली. हो, आईची ती खोड मी उचलली, नाक आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. चार महिने झाले, मला कशाचाच वास येत नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं. आता लिहिता लिहिता कळलं, आणि माझ्याकडं बघतोय.